बेसबोर्ड हीटिंगचं घर घ्यावं का? वूस्टरजवळ दोन घरं पाहिली आहेत

रानजाई

नमस्कार. आम्ही पाच वर्षं वेस्टबरोत भाड्याने राहतोय, आता घर घ्यायचं ठरवलंय. दोन घरं मनात भरली आहेत आणि दोन्हीकडे बेसबोर्ड हीटिंग आहे. एजंटबाई म्हणाल्या, "मॅसॅच्युसेट्सच्या जुन्या घरांत हेच असतं, काळजी करू नका." तरी काळजी वाटतेच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं घर श्रूजबरीत. १९७१ चं, स्प्लिट लेव्हल (अर्ध्या-अर्ध्या जिन्याने जोडलेले मजले), साधारण १६०० चौरस फूट. प्रत्येक खोलीत खिडकीखाली, जमिनीलगत पांढऱ्या पत्र्याची लांबट पेटी आणि प्रत्येक खोलीच्या भिंतीवर वेगळी फिरकी. तळघरात बॉयलर, भट्टी काहीच नाही. इतकं मोकळं तळघर मी इथे पहिल्यांदाच पाहिलं. दाराच्या घंटीजवळ पितळेची एक छोटी चकती आहे, तिच्यावर विजेबद्दल काहीतरी कोरलंय.

दुसरं घर वेस्टबरोतच. १९५८ चं केप (उतरत्या छपराचं बुटकं घर), जरा लहान. तिथेही दिसायला तशाच पेट्या, पण थर्मोस्टॅट सगळ्या घरात मिळून दोनच. तळघरात तेलाची मोठी टाकी आणि तेलावर चालणारा बॉयलर.

सध्याच्या अपार्टमेंटमध्ये गॅसवरची गरम हवा आहे. ती जाळीतून भस्सकन येते आणि पाच मिनिटांनी बंद झाली की पुन्हा पाय गार. जानेवारीत लेकीचा घोळणा दोनदा फुटला. पुढच्या ऑक्टोबरात माझी आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी येणार आहे. तिला दमा आहे, गुडघेही दुखतात. तिच्यासाठी बेसबोर्ड बरं पडेल असं वाटतं, पण ऑफिसातल्या मैत्रिणीने बिलाची एवढी भीती घातलीय की रात्री झोप लागत नाही. दहा दिवसांत निर्णय द्यायचाय. ज्यांनी अशा घरात हिवाळे काढलेत त्यांनी कृपया सांगा.

पमा

इलेक्ट्रिक बेसबोर्ड असेल तर त्या घराकडे वळूनसुद्धा पाहू नका. आम्ही फ्रेमिंगहॅमला दोन बेडरूमच्या कॉन्डोत तीन वर्षं काढली. जानेवारीचं बिल ६४० डॉलर, आणि तेही घरात स्वेटर घालून बसल्यावर. मुलगा लहान होता तेव्हा त्याच्या खोलीचं बंद करायला मन धजायचं नाही, म्हणून आमच्या खोलीचं बंद करून आम्ही तिघं एकाच खोलीत झोपायचो. तेलवालं घर घ्या.

तांब्याचा_बंब

रानजाई, निर्णय दहा दिवसांवर आहे म्हणून आजच बसून लिहितो. लांबलंय, पण दोन्ही घरांसाठी उपयोगी पडेल.

मी २००६ साली वूस्टरला आलो. पहिली पाच वर्षं एका थ्री-डेकरच्या मधल्या मजल्यावर. तिथे वाफेचे जुने ओतीव लोखंडी रेडिएटर होते, पहाटे चारला सूं-सूं करून जागं करायचे. २०११ पासून स्वतःच्या घरात आहे. मूळ घराला गरम पाण्याचा बेसबोर्ड आहे आणि आधीच्या मालकांनी मागे बांधलेल्या दोन खोल्यांना इलेक्ट्रिक. म्हणजे दोन्ही प्रकार एकाच छपराखाली पंधरा हिवाळे वापरतोय. ओळखीच्या सात-आठ कुटुंबांबरोबर घरं बघायलाही गेलोय. बाकी मंडळी स्वयंपाकघर बघतात तेव्हा मी तळघरात असतो.

सगळ्यात आधी हे पक्कं करा: बेसबोर्ड हा फक्त पेटीचा घाट आहे. आत काय तापतंय आणि ते कशाने तापतंय, यावर सगळं ठरतं. तुमच्या दोन घरांत पेट्या सारख्या दिसल्या तरी त्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

श्रूजबरीचं घर इलेक्ट्रिक. खोलीगणिक फिरकी आणि रिकामं तळघर, एवढ्यावरून ओळखता येतं. पेटीच्या टोकाचं झाकण काढलंत तर आत वायर दिसेल, आणि विजेच्या पॅनेलमध्ये जोडीजोडीचे ब्रेकर ओळीने असतील. पाण्याची बादली तापवायची आपली कॉइल असते ना, तिचाच हा लांबट भाऊ, पाण्याऐवजी हवेत ठेवलेला. २४० व्होल्टवर चालतो आणि दर फुटाला साधारण २५० वॅट खातो. ती पितळी चकती जपून ठेवा. १९५७ च्या सुमारास इथल्या वीज उद्योगाने संपूर्ण विजेवरच्या घरांची मोठी मोहीम काढली होती, त्यात बसणाऱ्या घराला असं सुवर्णपदक लावत. वीज स्वस्त होती आणि आणखी स्वस्त होईल असं सगळ्यांना वाटत होतं. मग १९७३ चं तेलसंकट आलं, वीजही महागली, आणि ती घरं तशीच मागे राहिली. तुमच्या घराचं १९७१ हे साल बरोबर त्या आधीचं आहे.

वेस्टबरोचं घर पाण्याचं. साताऱ्याच्या आहात, तर बंब पाहिला असेल. आमच्या कराडच्या घरी न्हाणीत तांब्याचा बंब होता, आजी पहाटे जळण घालायची आणि सहा माणसांच्या अंघोळी त्यावर व्हायच्या. तळघरातला बॉयलर म्हणजे तोच बंब समजा. फक्त यातलं पाणी बाहेर काढायचं नाही, तेच ते पंप घरभर फिरवतो. पाऊण इंची तांब्याचा पाइप, त्याच्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांची दाटी, वरून पत्र्याची पेटी. खालून गार हवा आत जाते, पात्यांना लागून तापते आणि वर निघते. पंखा कुठेच नाही. पाणी साधारण १८० फॅरनहाइट म्हणजे ८२ सेल्सियसचं असतं, आणि त्या तापमानाला एक फूट बेसबोर्ड तासाला साडेपाचशे-सहाशे बीटीयू (उष्णता मोजायचं इकडचं माप) देतो.

राहायला कसं वाटतं, तर पाण्याचा बेसबोर्ड मला सगळ्यात आवडतो. बर्नर थांबला तरी पाइपातलं पाणी अर्धा तास ऊब देत राहतं, त्यामुळे आत्ता गरम-मग गार असा लपंडाव होत नाही. आमच्या घरी थंडीत दही बैठकीतल्या बेसबोर्डपासून हातभर अंतरावर, जमिनीवर विरजतं, सकाळी कवडी पडलेली असते. माझी आई आली की दुपारी तिथेच पाट टाकून गुडघ्याला शेक घेत बसते. इलेक्ट्रिकच्या खोल्या तापतात लवकर, निवतातही लवकर. हंगामातल्या पहिल्या दिवशी धूळ जळल्याचा वास येतो, म्हणून सप्टेंबरातच पेट्यांची झाकणं काढून ब्रशने साफ करून घ्या. दम्याच्या माणसासाठी तर नक्कीच.

नाक कोरडं पडण्याबद्दल मात्र एक गैरसमज पसरलेला आहे. कुठलंच हीटिंग हवेतलं पाणी खात नाही. बाहेरच्या गोठलेल्या हवेत मुळातच बाष्प कमी असतं, ती आत येऊन ७० फॅरनहाइटला तापली की कोरडी ठणठणीत होते. म्हणजे प्रश्न बाहेरची हवा घरात किती शिरते याचा. गरम हवेच्या पद्धतीत डक्टच्या, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या नळकांड्यांच्या, सांध्यांतून गळती होते, वीस-तीस टक्के हवा वाटेतच हरवणं इथे अगदी सर्रास आहे, आणि त्या ओढाताणीत बाहेरची हवा फटींतून आत येते. बेसबोर्डला डक्टच नाहीत, त्यामुळे तेवढा फरक पडेल, धूळही उडणार नाही. पण खिडक्या आणि माळा फटींनी भरलेले असतील तर बेसबोर्ड असूनही घोळणा फुटेल.

आता वेस्टबरोच्या घरात काय बघायचं ते. बॉयलरवर वर्षाची पट्टी असते. २५ वर्षांच्या पुढे गेला असेल तर नव्याचे पैसे भावात धरा. टाकी बहुधा २७५ गॅलनची असेल, तिचं बूड हाताने चाचपा, ओलसर किंवा फोडफोड लागलं तर तिथेच थांबा. टाकीपासून बर्नरकडे जाणाऱ्या तेलाच्या नळीला सेफ्टी व्हॉल्व्ह किंवा बाहेरून आवरण असायलाच हवं, २०११ पासून या राज्यात तसा कायदा आहे. आणि एक प्रश्न आवर्जून विचारा: नळाचं गरम पाणी कुठून येतं? पुष्कळ जुन्या तेलाच्या बॉयलरच्या पोटात एक वेटोळं असतं आणि त्यातूनच अंघोळीचं पाणी तापतं. तसं असेल तर जुलैतही बॉयलर तापलेला ठेवावा लागतो आणि उन्हाळ्यातही तेल जळतं.

पाण्याच्या पद्धतीचं एक भय खरं आहे, ते माझ्याच घरी घडलं. २०१७ संपता संपता आणि २०१८ उजाडताना इथे जी थंडी पडली, तेव्हा बॉस्टनला सलग सात दिवस पारा २० फॅरनहाइटच्या वर गेला नव्हता. पाहुण्यांची खोली रिकामी होती म्हणून मी तिचा झोन, म्हणजे तिच्या वेगळ्या थर्मोस्टॅटवरचा पाइपांचा भाग, पूर्ण बंद केला. बंद झोनमधलं पाणी पाइपात उभं राहिलं आणि उत्तरेच्या भिंतीत गोठून पाइप फाटला. कळलं दोन दिवसांनी, थंडी ओसरून पाणी वाहू लागलं तेव्हा. खालच्या खोलीचं छत उतरवावं लागलं. तेव्हापासून कुठलाच झोन ५५ च्या खाली नेत नाही, आणि भारतात जायचं असलं की शेजाऱ्यांना किल्ली देऊन जातो.

वीज जाण्याबद्दलही लिहितो, कारण "तेलाचं घर असलं की वीज गेली तरी चालतं" असं लोक बिनधास्त सांगतात. नाही चालत. बर्नर आणि पंप दोघांनाही वीज लागते. पण ती काहीशे वॅटच, त्यामुळे छोट्या जनरेटरवर भागतं. श्रूजबरीच्या घरात सगळ्या पेट्या मिळून साठ फूट असतील तर १५ किलोवॅट झाले, ते घरगुती जनरेटरला झेपणार नाही. २००८ च्या डिसेंबरात इथे बर्फाचं वादळ झालं होतं. झाडं तारांवर कोसळली, वूस्टर भागात काही ठिकाणी आठवडाभर आणि त्याहून जास्त वीज नव्हती. आम्ही चार दिवस मित्राकडे राहिलो, तीन कुटुंबं एका लाकडाच्या शेगडीभोवती.

पैशांचं सांगायला मला दोन्ही घरांची बिलं हवीत. विकणाऱ्यांकडून गेल्या बारा महिन्यांची मागवा. आणि पमा, तुमचं ६४० चं बिल मला पटतं, पण फ्रेमिंगहॅमची वीज आणि श्रूजबरीची वीज एक नाही. श्रूजबरीत वीज गावाच्या स्वतःच्या मालकीची आहे. या राज्यात अशी चाळीसेक गावं आहेत आणि त्यांचे दर मोठ्या कंपन्यांपेक्षा पुष्कळ कमी असतात. याच एका गोष्टीवर सगळा हिशेब फिरू शकतो.

मॉन्ट्रियलकर

इकडे क्यूबेकमध्ये इलेक्ट्रिक बेसबोर्डला कोणी घाबरत नाही, कारण बहुतेक घरांत तेच असतं. आम्ही त्याला इथल्या फ्रेंच लोकांसारखं प्लँत म्हणतो. आमच्याकडे वीज धरणांची, दिवसाला पहिली ४० युनिटं साधारण ७ सेंटने आणि त्यापुढची ११ च्या आत-बाहेर. आता तर जुन्या घरातली तेलाची भट्टी मोडली तर तिथे पुन्हा तेलाची बसवायलाही २०२३ अखेरपासून बंदी आहे. म्हणजे वस्तू तीच, सरहद्दीच्या अलीकडे शहाणपणाची आणि पलीकडे दिवाळखोरीची. तांब्याचा बंब म्हणतात ते अगदी खरं, आधी दर विचारा.

वापरातल्या दोन गोष्टी सांगतो. जुनी फिरकीची थर्मोस्टॅट आत धातूच्या पट्टीवर चालतात, खोली तीन-चार अंश वर-खाली होते आणि पत्रा टक-टक वाजतो. ती काढून इलेक्ट्रॉनिक बसवा. ती थोड्या थोड्या वेळाने बारीक वीज सोडतात, खोली एकसारखी राहते आणि आवाजही जवळजवळ जातो. पण घेताना २४० व्होल्टचीच घ्या. बाजारात मिळणारी बहुतेक स्मार्ट थर्मोस्टॅट २४ व्होल्टची असतात, ती इथे लावली तर जळतील. मायसा आणि सिनोपे ही दोन कॅनडातली नावं यासाठीच ओळखली जातात, मायसा तुमच्याकडेही मिळतं.

दुसरं वीज जाण्याचं. २०२३ च्या एप्रिलमध्ये बर्फाच्या पावसाने आमची वीज तीन दिवस गेली. एप्रिल होता म्हणून निभावलं. १९९८ च्या जानेवारीतलं वादळ इथले म्हातारे अजून सांगतात, तेव्हा काही भागांत महिनाभर अंधार होता. घरात एक तरी चूल विजेशिवाय पेटणारी असावी.

सई_दोन_पिल्लं

घरात मूल आणि वयस्कर माणूस दोघं असणार म्हणून लिहितेय. इलेक्ट्रिक बेसबोर्डच्या पत्र्याला हात लागला तर चांगलाच चटका बसतो. माझ्या सासूबाईंनी आल्या आल्या, दुसऱ्याच दिवशी, ओलं पातळ त्यावर वाळत घातलं होतं. मी स्वयंपाकघरात होते, वास आला म्हणून धावले, काठ तपकिरी झाला होता. त्यांची चूक नव्हती, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आई आल्या की पहिल्या दिवशी हातात हात घेऊन दाखवा: यावर काही वाळवायचं नाही, याच्यासमोर गादी सरकवायची नाही. पडदे पेटीच्या वर संपतील असे आखूड शिवून घ्या. सोफा-पलंग निदान फूटभर लांब. आणि पेटीच्या बरोबर वर भिंतीत प्लगची जागा असेल तर ती वापरू नका, वायर लोंबून पत्र्याला चिकटते आणि वितळते.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. सईताई, पातळाचं वाचून अंगावर काटा आला, कारण माझी आई अगदी हेच करेल.

बिलं मिळाली. श्रूजबरी: विकणारे आजी-आजोबा दोघंच राहतात, वर्षाची २१,४०० युनिटं. जुलैत ६००, जानेवारीत ३,९००. सगळं मिळून युनिटला १७ सेंट पडतात. वेस्टबरो: वर्षभरात ६९० गॅलन तेल, गेल्या वेळी गॅलनला ३ डॉलर ६० सेंट दिले होते. आणि काका, तुम्ही म्हणालात तसंच निघालं, अंघोळीचं पाणी बॉयलरच्या पोटातूनच येतं. बॉयलरवरचं साल १९९६. टाकीचं बूड कोरडं आहे, मी स्वतः चाचपलं.

श्रूजबरीच्या पेट्या टेपने मोजल्या, ५८ फूट भरल्या. हीट पंपबद्दल यजमान विचारताहेत, तो बसवता येईल का आणि आता सरकारी मदत मिळते का?

तांब्याचा_बंब

टेप घेऊन मोजलंत, छान केलंत. आता हिशेब करू.

श्रूजबरी. जुलैची ६०० युनिटं म्हणजे दिवे, फ्रिज, पाणी, स्वयंपाक. ती बारा महिने धरली तर ७,२०० झाली. उरली १४,२००, ती हीटिंगची. एका युनिटात ३,४१२ बीटीयू असतात, म्हणजे घराने हिवाळ्यात सुमारे ४ कोटी ८४ लाख बीटीयू घेतले. पण आजी-आजोबा दोघंच, त्यांनी दोन-तीन खोल्या बंद ठेवल्या असणार. तुम्ही चौघं, त्यात आईंना ऊब हवी. मी ६ कोटी धरतो, म्हणजे १७,५०० युनिटं. १७ सेंटने हिवाळ्याचे २,९७५ डॉलर. हेच घर वेस्टबरोत असतं तर? माझ्या स्वतःच्या बिलात सगळं मिळून ३१ सेंट पडतात, वेस्टबरोलाही वीज मोठ्या कंपनीचीच आहे. त्या दराने ५,४२५ डॉलर झाले असते. पमांना आलेला अनुभव हाच.

वेस्टबरोचे ६९० गॅलन म्हणजे २,४८४ डॉलर, त्यात वर्षभराचं अंघोळीचं पाणीही आलं. म्हणजे आजच्या घडीला तेल थोडं स्वस्त. पण तो बॉयलर तीस वर्षांचा आहे, आणि तेलाचा भाव तुमच्या हातात नाही. २०२२ मध्ये इथे गॅलनला पाच डॉलरच्या वर मोजलेत आम्ही, तेव्हा टँकर दारात उभा राहिला की पोटात गोळा यायचा.

आता हीट पंप. हा म्हणजे उलटा फिरवलेला एसी. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या थंड हवेतली उचलून आत आणतो, म्हणून एका युनिटात अडीच-तीन युनिटांचं काम होतं. फ्रिजच्या मागे हात लावलात की जे गरम लागतं, तेच. श्रूजबरीत भिंतीवरचे मिनी-स्प्लिट बसवलेत आणि हंगामभराची सरासरी अडीचपट धरली, तर १७,५०० ची ७,००० युनिटं होतील, म्हणजे १,१९० डॉलर. शिवाय उन्हाळ्यात त्यानेच घर गार होईल. जुने बेसबोर्ड काढायचे नाहीत. २०२३ च्या ४ फेब्रुवारीला बॉस्टनला उणे १० फॅरनहाइट झालं होतं, तशा रात्री हीट पंपाची ताकद घटते, तेव्हा खोलीतला बेसबोर्ड हाताशी असलेला बरा. न्हाणीघरातही तोच सोयीचा, दहा मिनिटांत तापतो. म्हणजे या घरात जे आज खर्चिक वाटतंय तेच उद्या आधार म्हणून फुकट मिळतंय.

वेस्टबरोच्या घरात हीट पंपाची गरम पाण्याशी जोडी लावता येईल का असं पुढे कोणी सांगेल, तर सावध राहा. घरगुती हीट पंप साधारण १२०-१३० फॅरनहाइटचं पाणी आरामात देतो, पण १९५८ च्या पेट्या १८० च्या पाण्यासाठी मोजून लावलेल्या आहेत. १३० ला त्या निम्म्याहूनही कमी उष्णता देतील. तिथेही शेवटी मिनी-स्प्लिटच लावावे लागतील, आणि ते ३१ सेंटच्या विजेवर.

मदतीबद्दल: केंद्र सरकारची हीट पंपावरची करसवलत, जास्तीत जास्त २,००० डॉलरची, २०२५ अखेर संपली. राज्यातल्या मास सेव्ह या ऊर्जाबचत योजनेचे पैसे मोठ्या कंपन्यांच्या वीजग्राहकांना मिळतात, गावाच्या विजेवर असलेल्यांना नाही. म्हणून श्रूजबरीच्या वीज खात्यालाच फोन करून त्यांची स्वतःची योजना काय आहे ते विचारा. आणि हीट पंपाच्या आधी माळ्यात इन्सुलेशन भरून फटी बुजवा, अगदी आधी. त्याने यंत्र लहान लागेल, आणि लेकीच्या नाकालाही खरा आराम तिथूनच मिळेल.

माझं मत विचाराल तर श्रूजबरी. पण एक तपासणी झाल्याशिवाय सही करू नका. १९६५ ते १९७३ च्या दरम्यान पुष्कळ घरांत तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची वायर घातली गेली, तिचे सांधे सैल होऊन तापतात. तुमचं १९७१ त्यातच येतं. सगळ्या घराचं तापणं विजेवर आहे, त्यामुळे नेहमीच्या तपासनिसावर भागवू नका, लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन आणून पॅनेल आणि दोन-तीन बेसबोर्डचे सांधे उघडून बघा. चारेकशे डॉलर लागले तरी लागू देत.

पमा

गावाच्या विजेचं मला खरंच माहीत नव्हतं. आमच्या वेळी कोणी हे सांगितलं असतं तर बरं झालं असतं. रानजाई, माझं पहिलं उत्तर मागे घेते.

रानजाई

काल रात्री आम्ही श्रूजबरीच्या घरासाठी ऑफर दिली, इलेक्ट्रिशियनच्या तपासणीच्या अटीवर. आजींनी एजंटमार्फत निरोप पाठवलाय की चकती काढून नेणार नाही, घराबरोबरच राहील. इलेक्ट्रिशियन शनिवारी सकाळी नऊला येतोय. काका, तुम्हाला जमलं तर तुम्हीही या, पोहे करून डब्यात आणते.

एक शेवटचं विचारते, कोणाला क्षुल्लक वाटेल. आईला देव्हारा पूर्वेच्या भिंतीला हवा आहे आणि तिथे नेमकी सहा फुटांची पेटी आहे. काय करू?

तांब्याचा_बंब

शनिवारी नऊला पोचतो.

देव्हाऱ्याचं क्षुल्लक नाही, आम्हीही यातून गेलोय. बेसबोर्ड बाहेरच्या भिंतींना, खिडक्यांखाली लावतात, कारण काचेवरून गार हवा खाली घसरते आणि तिला तिथेच अडवायचं असतं. त्यामुळे घराच्या मधल्या भिंती जवळजवळ नेहमी मोकळ्या असतात. पेटीच्या वर लाकडी देव्हारा नको, तापून लाकूड उलेल आणि वर येणाऱ्या झोताने निरांजन टिकणार नाही. स्प्लिट लेव्हलमध्ये बैठक आणि बेडरूम यांच्यामध्ये एक भिंत असते. बैठक पश्चिमेच्या बाजूला असेल तर त्या भिंतीला लावलेल्या देव्हाऱ्यासमोर आई पूर्वेकडेच तोंड करून बसतील. होकायंत्र घेऊन येतो, तिथेच बघू.